खर्जासाठी एक भिंत

दादांनी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चहाचे चार कप ठेवले, आणि आत्याच्या लक्षात आलं की नव्या घरात ती ठिपक्यांची आहे.

बाकी सगळं सलग रेघेत होतं. दोन स्पीकर, त्यांच्यासमोरची ती एकुलती एक खुर्ची, मधल्या अंतराचे बाण, पडदे, गालिचा. आत्याची खोली जिथे होती तिथे आता कोरा कागद होता आणि त्यावर ‘मोकळी जागा’ एवढंच लिहिलेलं. पार मागे, न्हाणीघराच्या दाराला चिकटून, बोळात एक अरुंद चौकोन ठिपक्याठिपक्यांनी काढला होता. त्यात सुबक अक्षर होतं: ‘बारकी’.

दादांनी जन्मभर पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढले होते. त्यांच्या या धाकट्या बहिणीला त्या धंद्याची तेवढी माहिती होती.

“दादा, जमिनीखाली गेलेले नळ ठिपक्यांनीच दाखवतात ना रे?”

“अर्थात. का?”

“काही नाही. आपलं सहज.”

वहिनींना हसू आलं की ठसका लागला, ते कळलं नाही. त्या कपबशीत बघत बसल्या.

“मुद्दा खर्जाचा आहे,” दादा म्हणाले. खात्यातल्या बैठकीत म्हणत असतील तसंच. “वरचे सूर कुठेही मावतात. खर्जाला लांबी लागते. आपल्या खोलीत तो पुरता उमलायच्या आत भिंतीवर आपटून परत येतो. मी नाना परींनी प्रयत्न केले. वायरी बदलल्या, स्पीकरखाली दगड ठेवले, मागे गाद्या लावल्या. शेवटी निष्कर्ष एकच निघतो.”

“की गाद्या नाही, बहीण काढावी,” आत्या म्हणाली.

“बारके, तू प्रत्येक गोष्ट अंगाला लावून घेतेस. मिस्त्री उद्या सकाळी येतोय. मला कुणावर जबरदस्ती करायची असती तर मी आज सगळ्यांना बोलावलं असतं का?”

हे मात्र दादांचं खास होतं. मिस्त्री ठरवायचा, सिमेंट सांगून ठेवायचं, नकाशा शाईत काढायचा आणि मग घरच्यांचं मत विचारायचं.

घर कागदोपत्री दादांचं. आई जाताना म्हणाली होती, खोली बारकीची. पण आईचं म्हणणं नकाशात कसं दाखवणार? टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून आत्या त्या खोलीत होती आणि त्याआधीही होतीच. तिथेच ती अभ्यासाला बसली, तिथेच तिने आईची शेवटची आजारपणं काढली. खोलीत पलंग, कपाट, खिडकीत एक छोटा ट्रान्झिस्टर. त्याला दादा ‘डबडं’ म्हणत. त्या डबड्यातून येणारा आवाज भिंतीपलीकडून ऐकू आला की आपल्या कानांची दिवसभराची मेहनत वाया जाते, अशी त्यांची तक्रार होती.

कानांची मेहनत! आत्याने ऑपरेटरचा हेडफोन डोक्याला लावून उभं आयुष्य काढलं होतं. त्या खरखरीतून, त्या टिनपाट आवाजातून तिला कळायचं की बोलणारी बाई रडून आली आहे, की माणूस बायकोशी खोटं बोलतोय. त्यासाठी कुणी तिच्या खुर्चीखाली दगड ठेवले नव्हते.

आणि दादांच्या त्या सेटची जन्मकथा तिच्याइतकी कुणाला ठाऊक होती? दादा तेव्हा कॉलेजात होते. वडिलांच्या कपाटाची मागची फळी त्यांनी गुपचूप काढली आणि तिचं स्पीकरचं खोकं केलं. डिंक वाळेपर्यंत फळ्या दाबून धरायला हत्यार नव्हतं, म्हणून बारकीला खोक्यावर बसवलं. ती एक अख्खी दुपार खोक्यावर बसून राहिली, पाय हलवायचे नाहीत या अटीवर. संध्याकाळी त्यातून आवाज आला तेव्हा दोघं भावंडं स्वयंपाकघरात नाचली होती. कपाटातले कपडे मात्र पुढे कैक वर्षं भिंतीचा चुना खात राहिले.

तेव्हाच ते थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मग अॅम्प्लिफायर आला. तो आला तसं कळलं की खोकं त्याच्या तोडीचं नाही. खोकी बदलली, तर तबकडीची सुई मागासलेली निघाली. सुई आणली, तर वायरी दरिद्री ठरल्या. मग कॅसेटचा जमाना आला, सगळं माळ्यावर गेलं. मग सीडीचा आला, कॅसेटचं यंत्र माळ्यावर गेलं. मग दादांच्या म्हणण्याप्रमाणे जगाला आपली चूक कळली आणि तबकडी माळ्यावरून सन्मानाने खाली आली. दर वेळी दादा म्हणत, “बस. आता काही नको.” दर वेळी आठवडाभर घरात समाधान नांदायचं, दादा भाजीसुद्धा आणायचे. मग एखाद्या सकाळी ते दाढी करता करता थांबायचे आणि म्हणायचे, “वरच्या सुरांना जरा धार कमी आहे, नाही?”

आणि ऐकायचे काय? त्याच दहाबारा तबकड्या, प्रत्येकीचा तोच तुकडा. जिथे झांज वाजते तो. जिथे गायिका श्वास घेते तो. श्वास ऐकला की सुई उचलायची. त्या बिचाऱ्या बाईने श्वास घेऊन पुढे काय गायलं, हे या घरात कुणाला माहीत नव्हतं.

“मला विचाराल तर बाबांचं बरोबर आहे,” साहेब म्हणाला.

साहेब म्हणजे दादांचा मुलगा. गालिच्यांच्या दुकानात व्यवस्थापक झाल्यापासून घरात त्याला साहेब म्हणत. आधी कौतुकाने, आता सवयीने. आजवर बापाच्या सेटला तो ‘भंगार’ म्हणत आला होता. आज एकदम बापाच्या बाजूला जाऊन बसला, म्हणजे अक्षरशः खुर्ची उचलून. आत्याला कुठेतरी पाणी मुरताना दिसलं.

“आत्या, तू बोळात कशाला राहतेस? आमच्याकडे ये की. बाळालाही आजी मिळेल. नाहीतरी हिला आता कामावर परत जायचंय.”

“आजी बाळाला आहे,” वहिनी म्हणाल्या. “मी समोर बसलेय.”

“तसं नाही गं आई. तुला बाबांचं सगळं बघायचं असतं.”

“म्हणजे मी यांना सांभाळायचं आणि वन्संनी तुमच्या पोराला. आणि तुझी आत्या राहणार कुठे? तुमच्याकडे दोन तर खोल्या.”

“हॉलमध्ये. सोफा उघडतो.”

“नकाशा काढलायस का?” आत्याने विचारलं. “असला तर सलग रेघ वापर बाबा.”

सूनबाईने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. तिचे डोळे झोपेअभावी सुजलेले होते. “मी असलं काही बोलले नव्हते, आत्या,” ती हळूच म्हणाली. “हे यांच्या मनातलं आहे.”

“आपल्या दोघांच्या मनातलं,” साहेब म्हणाला.

“तुमच्या.”

दादांनी टेबलावर पट्टी आपटली. बाळ दचकलं, रडायचा विचार केला आणि बेत रहित करून पुन्हा झोपलं.

“हा भावनेचा प्रश्नच नाही. मी सिद्ध करून दाखवतो. बारकीच्या खोलीत उघडणारं मधलं दार आहे ना? ते बंद असताना एकदा तबकडी लावू, आणि मग सताड उघडून तीच पुन्हा. दार उघडलं की खर्जाला अर्धी का होईना, वाट मिळते. सगळ्यांनी डोळे मिटून ऐकायचं. फरक कळला तर भिंत जाईल. नाही कळला तर मी पुन्हा नाव काढणार नाही. याहून न्याय्य काय असतं?”

“सगळ्यांना कळायला हवा की बहुमताने?” आत्याने विचारलं.

“कळेलच सगळ्यांना. बहिऱ्यालाही कळेल.”

मधल्या दारावर दादांनी पूर्वीच एक जाड गोधडीसारखा पडदा टांगला होता, आवाज दाबण्यासाठी. पडद्यामागे उभं राहून दार उघडायचं काम वहिनींना मिळालं, कारण दादांच्या मते त्यांना नाहीतरी फरक कळत नसे.

“तुझं मत हिशोबात नाही,” ते प्रेमाने म्हणाले. “तू फक्त दार सांभाळ.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या आणि पडद्याआड गेल्या.

दादा खुर्चीत बसले. खुर्ची कुणाला द्यायचा प्रश्नच नव्हता. बाकीचे गालिच्यावर, देवळात बसावं तसे, अंग चोरून. आत्याने डोळे मिटले. तिने मनाशी पक्कं केलं होतं: काहीही ऐकू आलं तरी आपल्याला फरक कळलेला नाही.

सुई टेकली. थोडी खरखर, मग त्या बाईचा आवाज आणि त्याखाली जाड तारांचं काहीतरी, सावकाश चालणारं. चांगलं होतं. चांगलं असायलाच हवं होतं. माणसाने त्यापायी माळा भरला होता. पण आत्याला ऐकताना फक्त भिंत दिसत होती. भिंतीला लागून असलेला आपला पलंग, भिंतीवर हातोडा, चादरीवर चुना.

“आता दार!” दादा ओरडले.

कडी खणखणली. पडदा सळसळला. तोच तुकडा पुन्हा सुरू झाला.

आणि आत्याला ऐकू आलं.

आधी तिला वाटलं, भास. पण ते खालचं वाद्य आता नुसतं चालत नव्हतं. ते त्या बाईला तोलून धरत होतं. सूर जमिनीतून वर येत होता, तिच्या टाचांपर्यंत, गुडघ्यांपर्यंत. बाईने श्वास घेतला आणि त्या श्वासाच्या पोटात तो खर्ज तसाच थांबून राहिला, ती परत येईल या भरवशावर. मग आत्याला दादाचा राग आला, कारण हा माणूस बरोबर निघाला होता. आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, आणि तेही तिच्या खोलीच्या बाबतीत.

सुई उचलली गेली.

“जमीन-अस्मान!” साहेबाने डोळे उघडायच्या आधीच निकाल दिला. “बाबा, मानलं! आधी डब्यातून आल्यासारखं होतं.”

“सूनबाई?”

तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग बाळाच्या टाळूकडे. “दुसऱ्यांदा जरा... भरल्यासारखं वाटलं. मला त्यातलं कळत नाही, पण वाटलं.”

दादांचा चेहरा ओला होता. ते खरंच रडत होते. “मला तर नवीन काही सांगायलाच नको. जन्मभर मी ज्याच्या मागे आहे ते आज ऐकलं. बारके?”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“मला काही फरक नाही वाटला,” आत्या म्हणाली.

“खोटं बोलतेस!”

“माझे कान, माझं मत.”

“हट्टाने बोलतेस. चेहऱ्यावर दिसतंय तुझ्या. अगं, भिंतीसाठी तू सुराशी बेइमानी करतेस?”

“भिंत माझी आहे. सूर कुणाचा आहे मला माहीत नाही.”

“बाबा, तीन विरुद्ध एक,” साहेब म्हणाला. “मिस्त्रीला येऊ द्या.”

तेवढ्यात पडदा बाजूला झाला. वहिनी पुढे आल्या नाहीत. तिथेच उभ्या राहिल्या, एक हात दारावर ठेवून. दार बंद होतं.

“लावलंसही परत?” दादा म्हणाले. “घाई काय होती?”

“उघडलंच नव्हतं.”



“म्हणजे?”

“म्हणजे उघडलं नव्हतं. कडी वाजवली, पडदा हलवला आणि उभी राहिले. दोन्ही वेळा दार बंदच होतं.” वहिनींचा आवाज एकदम सपाट होता, पिठाचा भाव सांगावा तसा. “लग्न होऊन आल्यापासून तुम्ही मला विचारताय, ऐकलास फरक? वायर बदलली, ऐकलास फरक? दगड ठेवले, ऐकलास? मी दर वेळी हो म्हणाले. एकदाही ऐकू आला नाही मला. मला वाटायचं, माझेच कान फुटके. या घरात सगळ्यांना ऐकू येतं, मलाच येत नाही. मग म्हटलं, एकदा बघावंच.”

साहेब हसला. आधी नाकातून, मग मोकळाच. “बाबा! जमीन-अस्मान!”

“तूच म्हणालास ते,” सूनबाई म्हणाली.

“मी बाबांच्या समाधानासाठी म्हणालो.”

“नाही, सोफ्याच्या.”

साहेबाचं हसू आटलं, पण तोवर ते खोलीभर पसरलं होतं. दादा खुर्चीत होते. त्यांनी डाव्या स्पीकरकडे पाहिलं, मग उजव्या. मग अॅम्प्लिफायरकडे, वायरींकडे, वायरींखालच्या लाकडी ठोकळ्यांकडे. आत्याला कळलं ते काय करताहेत. ते एकेकाला विचारत होते: आणि तू? तूही असाच?

“विकून टाका आता सगळं,” साहेब म्हणाला. “मी आजच चौकशी करतो.” त्याने फोन काढलासुद्धा.

“तो खिशात घाल,” आत्या म्हणाली. “आणि बायकोला घरी नेऊन झोपव. बाळ तू घे. गालिचे इतके उचलतोस, पोर जड होणार नाही.”

साहेब आईकडे बघू लागला, पण वहिनी कप उचलून स्वयंपाकघरात निघाल्या होत्या. सूनबाईने बाळ त्याच्या हातात दिलं, आत्याच्या खांद्याला नुसता हात लावला आणि चपला शोधायला गेली.

आत्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. वहिनी नळाखाली धरलेला एकच कप कितीतरी वेळ धूत होत्या.

“वहिनी, तुम्ही माझी खोली वाचवलीत.”

“तुमच्यासाठी नाही केलं, वन्सं. माझ्यासाठीच केलं.” त्यांनी कप पालथा घातला. “वाटलं होतं, बरं वाटेल. कडी वाजवताना वाटत होतं, काय मजा येईल. पण ते रडत होते हो. ते मला पडद्यामागून दिसलं नव्हतं.” मग त्या वळल्या. “तुमचे कान तेवढे खरे निघाले. सगळ्या घरात एकट्या तुम्ही खरं बोललात.”

एवढी मोठी शाबासकी आत्याला आयुष्यात कुणी दिली नव्हती आणि ती तिला कुठे ठेवावी ते कळेना.

ती परत आली तेव्हा दादा गुडघ्यांवर बसून वायरी सोडवत होते. पाठमोरे, डोक्यामागे विरळ झालेले केस. तिला या पाठीची खूप दिवसांची चीड होती. ही पाठ तिने आईच्या आजारपणात पाहिली होती, स्पीकरमागे वाकलेली. स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी पाहिली होती. आता ती सुखाने बघत उभी राहू शकली असती.

“तुला काहीच वाटलं नाही,” दादा मागे न बघता म्हणाले. “तू ऑपरेटर होतीस. तुझे कान पक्के. मला विचारायला हवं होतं तुला. आधीच. पहिल्या वायरीपासून.” एक वायर सुटून गालिच्यावर पडली. “बारके, मी इतकी वर्षं काय ऐकत होतो गं?”

याला काय वाट्टेल ते सांगता आलं असतं. उत्तरं तिच्याकडे ढिगाने तयार होती, एकाहून एक जहाल, वर्षानुवर्षं भिंतीपलीकडे बसून घासलेली. ती गालिच्यावर बसली.

“मलाही ऐकू आला,” ती म्हणाली.

“काय?”

“फरक. दुसऱ्यांदा. मी खोटं बोलले.”

दादा वळले. “खर्ज?”

“खर्ज. अगदी टाचेतून.”

“श्वासाच्या खाली?”

“श्वासाच्या खालीच. ती परत येईपर्यंत थांबून राहतो, तो.”

दादांचा चेहरा पेटला. म्हातारा क्षणात उठून बसला. “तरी मी म्हणत होतो! दोघांना, वेगवेगळं, एकाच जागी ऐकू आलं! म्हणजे फरक आहे! दार बंद असतानासुद्धा आहे! मग विचार कर, भिंतच नसेल तर...”

“दादा.”

“नाही, नुसता विचार कर...”

“भिंतीचं नाव काढलंस तर सगळ्यांसमोर तुझ्या अश्रूंची पुन्हा आठवण काढीन. अरे, दुसऱ्यांदा ऐकलं म्हणून ऐकू आलं. पहिल्यांदा मी माझा पलंग ऐकत होते, साहेब सोफा ऐकत होता आणि तू मिस्त्री ऐकत होतास. दुसऱ्यांदा बाईचं गाणं ऐकलं, एवढंच.”

दादा तिच्याकडे बघत राहिले. पटलं की नाही सांगता येत नव्हतं, बहुधा नव्हतंच. पण त्यांचा हात आपोआप गालिच्यावरची वायर उचलून परत तिच्या जागी बसवू लागला.

“मग तिसऱ्यांदा लावली तर?” त्यांनी विचारलं.

“आधी मिस्त्रीला फोन.”

“उद्या सकाळी सांगतो.”

“आत्ता.”

दादांनी फोन लावला. आत्या त्यांच्या शेजारी सरकून बसली आणि डोकं जवळ नेऊन ऐकू लागली. पलीकडून मिस्त्रीचा आवाज आला, मागे कुठेतरी भांडी, पोरं, रस्त्याचा गोंगाट. दादा म्हणाले, काम पुढे ढकलूया. तिने त्यांना कोपराने ढोसलं. दादा म्हणाले, रद्द. मिस्त्री म्हणाला, ठीक आहे. त्या ‘ठीक आहे’मध्ये किंचितही राग नव्हता, उलट सुटल्यासारखं होतं. एवढ्याशा फोनमधून तिला ते लख्ख कळलं.

“उठ,” ती दादांना म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली. “लाव. आणि संपेपर्यंत सुईला हात लावायचा नाही.”